कोलकात्यात लग्न, पुण्यात संसार: नवऱ्यामुलानं तयारी कशाची करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मूळ साताऱ्याचे, वय 30, नोकरी हिंजवडीत. मुलगी कोलकात्याची, तीही पुण्यातच काम करते. लग्न तिकडे अग्रहायण महिन्यात, मग पुण्यात स्वागतसमारंभ आणि वाकडला भाड्याच्या घरात संसार. तुमच्या घरी अंडंही शिजत नाही. आईला अंतरपाट आणि मंगलाष्टकं हवी आहेत, तिकडचे म्हणतात लग्न आमच्या पद्धतीनं. 'दोनदा लग्न लावायचं का, आणि मी नेमकी कशाची तयारी करू?' असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात बावीस वर्षं पौरोहित्य करते. मराठी-बंगाली लग्नं मी इथेही लावली आहेत आणि कोलकात्याला जाऊन तिकडच्या पुरोहितांच्या शेजारी बसूनही लावली आहेत. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. तुमच्या आईवडिलांशी जे काही बोलायचं ते तुम्ही बोलायचं, आणि स्वतःच्या नावानं बोलायचं. 'तिच्या घरच्यांना असं हवंय' हे वाक्य तुमच्या तोंडून एकदाही बाहेर पडू देऊ नका. तिनंही तिच्या घरी हेच पाळायचं. मुलगा 'मला असं करायचंय' म्हणाला की आई दोन दिवस रुसते आणि विसरते. 'ते लोक म्हणतात' म्हणाला की ती सुनेविषयीची पहिली आठवण होऊन बसते, आणि ती पुढे वर्षानुवर्षं निघत राहते.

हे इतकं ठासून सांगण्यामागे एक प्रसंग आहे. बंगाली रीतीत मुलाची आई लग्नाला जात नाही. मुलीची आईसुद्धा प्रत्यक्ष लग्न लागताना पाहत नाही. आपल्याकडे वरमाय म्हणजे केवढा मान, विहिणींची पंगत, पाय धुणं! माझ्यासमोरच्या एका लग्नात नवऱ्यामुलाला ही रीत माहीत होती, पण त्यानं ती आईला सांगितलीच नव्हती. वेळ आली की बघू म्हणून. संध्याकाळी वराला न्यायला मुलीकडची माणसं आली तेव्हा ती माउली नऊवारी नेसून, नथ घालून, लॉजच्या खोलीत पलंगाच्या कडेवर तयार बसली होती. मुलीच्या मावशीनं अगदी प्रेमानं विचारलं, 'मा तो जाबेन ना?' म्हणजे आई तर येणार नाहीत ना? ती आई काही बोलली नाही. नथ काढून हातात धरून बसली. शेवटी मी मुलीच्या आईला फोन केला. त्या बाई म्हणाल्या, 'त्यांना माझ्याकडे पाठवा.' दोघी विहिणी आतल्या खोलीत एकत्र बसल्या, आणि शुभदृष्टीच्या वेळी, म्हणजे वधूवर एकमेकांना पाहतात तेव्हा, दोघीही दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणी हरकत घेतली नाही. हल्ली कोलकात्यातही अनेक घरांत आया लग्न पाहतात. आधी विचारलं असतं तर हे सहज ठरलं असतं. म्हणून या आठवड्यात पहिलं काम हेच करा: तुमची आई मांडवात असेल, हे मुलीनं तिच्या घरी बोलून घ्यावं आणि तुम्ही आईला ही रीत आणि हा निर्णय दोन्ही सांगावं.

त्याच रीतीतला आणखी एक भाग. वर निघताना आईला सांगतो, 'मा, तोमार जोन्नो दाशी आनते जाच्छी'. तुझ्यासाठी दासी आणायला जातोय. सगळे हसतखेळत म्हणायला लावतात. तुम्ही म्हणू नका. 'आशीर्वाद दे' एवढं म्हणून पाया पडा, कुणाचं काही अडत नाही. पाठवणीच्या वेळी मुलगी मागे तांदूळ टाकते आणि तुमचं ऋण फेडलं असं आईला म्हणते, त्याला कनकांजली म्हणतात. ते करायचं की नाही हे तिनं ठरवावं, त्यात तुम्ही पडू नका.

आता दोनदा लग्न लावायचं का? माझं स्पष्ट मत आहे, नाही. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी ही एकदाच. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 नुसार दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की विवाह वैध होतो, आणि विधीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला तो पूर्ण होतो. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की विधी न करता नुसतं प्रमाणपत्र काढलं तर तो हिंदू विवाह ठरत नाही. म्हणजे कोलकात्यातली सप्तपदी हेच तुमचं लग्न. पत्रिका, नोंदणी, पासपोर्टचा अर्ज, सगळीकडे तीच एक तारीख येऊ द्या. बंगालमध्ये नोंदणी करणारे विवाह अधिकारी बहुधा मंगल कार्यालयातच येतात आणि लग्नाच्या दिवशीच सह्या होतात. ती सोय तिकडच्यांना करायला सांगा. साक्षीदारांत तुमच्याकडचं एखादं वडीलधारं माणूस असू द्या.

मग आईच्या अंतरपाटाचं काय? इथे मला फार आवडणारी गोष्ट सांगते. छादनातला म्हणजे मांडवाच्या जागी वर उभा असतो. वधूला पाटावर बसवून तिचे भाऊ पाट उचलतात आणि वराभोवती सात फेरे घालतात. तेवढा वेळ तिनं दोन विड्याच्या पानांनी चेहरा झाकलेला असतो. मग पानं बाजूला होतात आणि दोघं एकमेकांना पाहतात, ती शुभदृष्टी. आपल्या अंतरपाटानं जे साधतं तेच ही पानं साधतात. मी एका लग्नात असं केलं: सात फेरे झाले, पानं अजून चेहऱ्यावर होती, तेव्हा मुलाच्या दोन काकांनी मध्ये शेला धरला. मुलाच्या आत्यांनी तीनच मंगलाष्टकं म्हटली. 'सावधान' झालं, शेला खाली आला, त्याच क्षणी पानं बाजूला झाली, आणि एकीकडून अक्षता नि दुसरीकडून शंख आणि उलुध्वनी, म्हणजे बायका जिभेनं काढतात तो मंगल नाद. जेमतेम आठ मिनिटं लागली. तिकडच्या पुरोहितांना मी आदल्या दिवशी भेटून हे दाखवून ठेवलं होतं. ऐन वेळी सुचवलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं, कारण लग्नघटिका त्यांना सांभाळायची असते. तुमच्याकडून कुणी गुरुजी येणार नसतील तर तुम्ही स्वतः त्या पुरोहितमशायांना आठवडाभर आधी फोन करा.

त्यांना तुमच्याकडून काही माहितीही लागेल. गोत्र, आणि वडील, आजोबा, पणजोबा यांची नावं. संप्रदानाच्या, म्हणजे कन्यादानाच्या, वेळी दोन्हीकडच्या तीन पिढ्यांचा उच्चार होतो. लग्नाच्या सकाळी वृद्धी किंवा नांदीमुख करतात, म्हणजे आपलं नांदीश्राद्धच. तिथेही हीच नावं लागतात. देवनागरीत लिहून खाली रोमन लिपीतही लिहा. गोत्र ठाऊक नसेल तर कश्यप सांगायची पद्धत आहे. मंत्रांचे उच्चार ऐकून तुमच्याकडची मंडळी चमकतील, कारण बंगालीत 'व' चा 'ब' होतो आणि 'अ' चा 'ओ'. पण लाह्या भावाच्या ओंजळीतून येतात त्या तशाच, आणि अग्नीही तोच.

हळदीचं तर विचारूच नका. आपण उष्टी हळद म्हणतो. आधी नवऱ्यामुलाला लागते आणि त्यातली उरलेली मुलीकडे जाते. बंगालमध्ये 'गाये होलुद' अगदी असंच. मुलाच्या अंगाला लागलेली हळद लग्नाच्या दिवशी सकाळी मुलीच्या घरी जाते आणि मगच तिला हळद लागते. म्हणजे तुमची हळद पुण्यात उरकून चालणार नाही. ती त्या दिवशी सकाळी कोलकात्यातच व्हायला हवी, आणि उतरण्याची जागा मुलीच्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत हवी. हळदीबरोबर 'तत्त्व' जातं: साड्या, मिठाई, शृंगाराचं सामान, सगळं ताटांत सजवून. त्यात एक मोठा रुई मासाही असतो, त्याला शेंदूर लावून, नथ घालून नवरीसारखा सजवतात. तुमच्या आईच्या हातून मासा पाठवायला लावू नका आणि तिकडच्यांना मासा नाकारूही नका. कोलकात्याच्या मिठाईवाल्यांकडे माशाच्या साच्यातला 'संदेश' नावाचा गोड पदार्थ मिळतो. मोठा करून घ्या, लाल ओढणीत ठेवा. मी हे तीन लग्नांत पाहिलंय आणि तीनही वेळा मुलीकडच्या बायकांनी ते ताट सगळ्यांना फिरवून दाखवलंय.

मासा आला म्हणून जेवणाचं इथेच सांगते. तुमच्या वऱ्हाडात शाकाहारी किती ते आकड्यात कळवा, आणि 'निरामिष' एवढंच म्हणून थांबू नका. कडक अर्थानं निरामिष म्हणजे कांदा-लसूणही नाही. त्या एका शब्दापायी सातारकरांना दोन दिवस बिनकांद्याचं जेवावं लागलेलं मी पाहिलंय. 'मासे-मांस-अंडं नको, कांदा-लसूण चालेल, पोळ्या लागतील' असं सविस्तर सांगा. तुम्हाला स्वतःला त्या दिवशी उपास आहे. पहाटे उजाडायच्या आधी दहीमंगल होतं, दही-पोहे आणि मिठाई. ते नीट खा, कारण घटिका रात्री अकराचीही असू शकते. चहा-पाण्याला बहुतेक घरांत हरकत नसते.

तारखेबद्दल तुम्ही नशीबवान आहात. बंगाली महिने सौर, आपले चांद्र. त्यांच्याकडे भाद्र, आश्विन, कार्तिक, पौष आणि चैत्रात लग्नं होत नाहीत, पण श्रावणात होतात. आपल्याकडे तो चातुर्मास. अग्रहायण, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, दोन्हीकडे चालतो, कारण तोवर आपली तुळशीची लग्नं बहुधा झालेली असतात. गाडीनं जाणाऱ्या वडीलधाऱ्यांचं मात्र लवकर बघा. पुण्याहून हावड्याला आझाद हिंद एक्सप्रेसनं दोन रात्री गाडीत जातात आणि आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. ज्यांना बसवत नाही त्यांना विमानानंच न्या.

पोशाख ते सांगतील. डोक्यावरचा पांढरा उंच टोपोर शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गाभ्याचा असतो. आपल्याकडची भेंडाची बाशिंगं आठवा. खाली मुंडावळ्या बांधायला काही अडचण येत नाही. खिशात सुट्ट्या नोटांची पाकिटं ठेवा. दार अडवणाऱ्या मेहुण्या, दुसऱ्या दिवशी अंथरूण उचलू न देणाऱ्या मेहुण्या, सगळ्यांशी घासाघीस करायची असते आणि शेवटी द्यायचं असतं. लग्नानंतरची रात्र बासरघरात गाण्यांनी जागवतात. एक मराठी गाणं पूर्ण पाठ करून जा. नाती आधी शिका: आत्या म्हणजे पिशी, मावशी म्हणजे माशी, थोरले काका जेठू, धाकटे काकू. हो, काकू म्हणजे काका. आईला हे आधीच सांगा.

आता घर. तुम्ही एका ओळीत 'मासे शिजवण्याचं काय' असं विचारलंत, पण माझ्याकडे लग्नानंतर वर्षभरानं भांडण घेऊन येणारी जोडपी याच ओळीवर अडकलेली असतात. याचं उत्तर भाडेकरार करायच्या आधी दोघांनी ठरवायला हवं. घरमालकाला आणि सोसायटीला मांसाहार चालतो का हे स्पष्ट विचारा. नंतर चोरून शिजवणं कुणाच्याच मानाला शोभत नाही. करारात दोघांची नावं घाला. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे, आणि त्या नोंदणीकृत करारावर तिचं नाव असेल तर बँक, आधार, पासपोर्ट यांसाठी तिला पुण्यातल्या पत्त्याचा पुरावा मिळतो. नाहीतर ती प्रत्येक ठिकाणी 'मिस्टरांचं पत्र आणा' ऐकत फिरते.

माझा सल्ला असा की त्या घरात मासे शिजावेत. ते तिचंही घर आहे, आणि बंगाली मुलीला मासा म्हणजे केवळ चव नव्हे, शकुन आहे. वेगळी कढई, वेगळा तवा, वेगळी विळी. बंगाली बोटी म्हणजे आपली विळीच, पातं तेवढं उंच. मोहरीचं तेल धूर निघेपर्यंत तापवतात, तेव्हा चांगली चिमणी बसवा, खिडकी असलेलं स्वयंपाकघर बघून घर घ्या. आईबाबा राहायला येतील ते दिवस शाकाहारी, हे तुम्ही सुचवायची वाट न पाहता बहुतेक मुली स्वतःच म्हणतात. पण आईला लपवून ठेवू नका. 'आई, आमच्याकडे मासे शिजतात, तू येशील तेव्हा तुझी भांडी वेगळी काढून ठेवली आहेत' हे लग्नाआधीच सांगून टाका. ती भांडी खरंच वेगळी ठेवा, वरच्या फळीवर, झाकून.

नवरात्राचं गणित याहून अवघड. साताऱ्याला घट बसलेले, नऊ दिवसांचे उपास. आणि तिच्याकडे षष्ठी ते दशमी दुर्गापूजा म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा सण, नवमीला मटण. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही एकाच देवीचे. पहिल्याच वर्षी ठरवून टाका: घटस्थापनेला दोघं साताऱ्याला, षष्ठीला दोघं कोलकात्याला. सुट्टी आणि तिकिटं दोन महिने आधी. ज्या वर्षी जाणं होणार नाही त्या वर्षी पुण्यातल्या बंगाली मंडळींच्या पूजेला जा आणि तिच्याबरोबर अंजलीला उभे राहा.

देवघरात जागा मोकळी ठेवा. आपल्या मुली माहेरून बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा आणतात. तिच्या आईकडे लक्ष्मी मागा, कवड्या लावलेल्या झांपीसकट, म्हणजे टोपलीसकट. दर गुरुवारी त्यांच्याकडे लक्ष्मीची पूजा असते, आणि तुमच्या आईचे मार्गशीर्षातले गुरुवार नेमके तुमच्या लग्नानंतर लगेच येतात. सासूसुनांना एकत्र बसवायला याहून सोपं निमित्त मला सुचत नाही. खाट, कपाट, सोफा मात्र माहेरून येऊ देऊ नका. बंगालमध्ये खाट-बिछाना देण्याची पद्धत अजून आहे. 'घर आम्ही दोघांनी लावलंय' असं तुम्ही तिच्या बाबांना स्वतः सांगा, आणि ते लावूनच ठेवा. खर्चाचंही तसंच. तिकडे लग्न मुलीकडचे करतात आणि बोउभात, म्हणजे नव्या सुनेच्या स्वागताचं जेवण, मुलाकडचे. तुमचा पुण्याचा समारंभ हाच बोउभात समजा, म्हणजे त्यांच्या हिशोबात तो बसतो.

पुण्यात उंबऱ्यावर आपली रीत करा: माप ओलांडणं, लक्ष्मीपूजन. त्यात नाव बदलणं घेऊ नका. ताटातल्या तांदळात नवं नाव लिहायचं झालं तर आधी तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर तिचं आहे तेच नाव लिहा. मी गेली अनेक वर्षं तेच लिहिते. दुसऱ्या दिवशी भातकापड करा. त्यात नवरा भाताचं ताट आणि साडी बायकोच्या हाती देतो आणि 'आजपासून तुझ्या अन्नवस्त्राची जबाबदारी माझी' म्हणतो. तुम्ही दोघं कमावता. ताट दोन करा, दोघांनी एकमेकांना द्या, एकदा बांगलात, एकदा मराठीत.

राहिलं मंगळसूत्राचं. बंगालमध्ये मंगळसूत्र नसतं. शेंदूर, शंखाच्या पांढऱ्या बांगड्या आणि पोला म्हणजे लाल बांगड्या ही खूण. आईला मंगळसूत्र घालायचं असेल तर पुण्याच्या गृहप्रवेशाला घालता येतं. रोज काय घालायचं ते तिनं ठरवावं. शंखाची बांगडी नाजूक असते, लोकलच्या गर्दीत, भांडी घासताना तडकते, आणि ती तडकली की मुली घाबरतात. त्या वेळी ती म्हणेल, 'शाँखा बेड़े गेछे.' शब्दशः अर्थ, शंखाची बांगडी वाढली. तुटली असं त्या म्हणत नाहीत. तुमच्या आईला हे आत्ताच सांगून ठेवा. तीही बांगडी फुटली की 'वाढली' असंच म्हणते.